शेवंती पिवळीच राहिली

"ओलं लागतंय," मी म्हणाले.

"काय ओलं लागतंय?" झुबेरनं हूडमध्ये खुपसलेलं डोकं बाहेर न काढताच विचारलं.

"माझी बोटं. ग्लोव्हच्या आत."

मग मात्र त्यानं डोकं बाहेर काढलं. माझ्या डाव्या हातात एक मळकट पांढरी प्लास्टिकची बाटली होती. तिच्या बुडाला केसासारखी चीर गेली होती आणि त्या चिरेतून काहीतरी पाझरत होतं. बुडाखाली धरलेल्या उजव्या हाताच्या ग्लोव्हलाही टोकाशी फट होती. दोन्ही गोष्टी मला एकदमच दिसल्या.

"बाटलीत काय आहे?" झुबेरनं विचारलं.

"लेबल नाही."

"ठेव खाली. हात धू."

मी बाटली हूडमधल्या ट्रेमध्ये ठेवली, ग्लोव्ह ओरबाडून काढला आणि नळाखाली हात धरला. तर्जनी आणि मधलं बोट. दोन्ही अगदी नेहमीसारखी दिसत होती. जळजळ नाही, लाली नाही, काही नाही. तरी मी हात काढेना. झुबेर टेबलाला टेकून उभा राहिला आणि हसायला लागला.

"वैजू, विद्यापीठाची टाकी रिकामी करणारेस का आज?"

त्याच्या हसण्याचा मला राग आला नाही. मी मुळातच भित्री, आणि हे सगळ्या विभागाला ठाऊक होतं. पाल दिसली की मी टेबलावर चढायची. गॅसचा सिलिंडर उघडताना हात लांब करून तोंड दुसरीकडे फिरवायची. रसायनशास्त्रात संशोधन करणाऱ्या माणसानं इतकं भित्रं असावं याची आमच्या मार्गदर्शकांना, टिपरे सरांना, फार गंमत वाटे. "वैजयंती ढेपे प्रयोगशाळेत आहेत, म्हणजे आपला विमा उतरवलेला आहे," असं ते पाहुण्यांना सांगत. सगळे हसत, मीही हसे. पण एकदा भित्री म्हणून नाव पडलं की तुमच्या भीतीला किंमत राहत नाही, हे मला त्या दिवसापर्यंत कळलं नव्हतं.

दिवाळीची सुट्टी होती. विभागात आम्ही दोघंच. झुबेर मोमीन मालेगावचा, माझ्याच वर्षाचा, आणि घरी जायला त्याला अजून अवकाश होता. सुट्टीनंतर नवा हूड बसणार होता, म्हणून जुना रिकामा करायला सरांनी आम्हाला सांगितलं होतं. विषारी वाफा वर खेचून नेणारं ते काचेचं कपाट आमच्या आणि शेजारच्या प्रयोगशाळेत सामाईक होतं. शेजारचे प्राध्यापक निवृत्त होऊन गावी गेले आणि त्यांच्या बाटल्या तिथंच मागे राहिल्या. काम उरकून संध्याकाळी सरांच्या घरी फराळाला जायचं ठरलं होतं.

"प्लास्टिकची का असेल रे बाटली?" मी नळाखालूनच विचारलं.

"डिस्टिल्ड वॉटर पण प्लास्टिकच्याच बाटलीत असतं."

"पण ते नसेल तर?"

झुबेरनं उसासा टाकला, नवे ग्लोव्ह्ज घातले आणि पाझरलेल्या थेंबात पीएचच्या कागदाचा कपटा बुडवला. कपटा लालभडक झाला. मी नळ आणखी मोठा सोडला.

"अ‍ॅसिड आहे," तो म्हणाला. "पण अ‍ॅसिड काय, शंभर तऱ्हेची असतात. तुला ज्याची भीती वाटतेय ते आहे का, एवढंच बघायचंय ना? मग तिलाच विचारू."

ती म्हणजे शेवंती.

शेवंती हा आमचा रेणू. तो मी घडवला होता, सरांच्या हाताखाली, कितीतरी फसलेल्या प्रयत्नांनंतर. त्याचं खरं नाव लिहायला दोन ओळी लागतात, म्हणून त्याच्या द्रावणाच्या पिवळ्याधमक रंगावरून आम्ही त्याला शेवंती म्हणायचो. पाण्यातलं फ्लुओराइड माणसाच्या हाडात शिरतं, आणि ते ओळखणारं काहीतरी करायचं, यासाठी हा सगळा खटाटोप होता. यवतमाळकडच्या माझ्या मामाच्या गावी बोअरच्या पाण्यात फ्लुओराइड आहे. मामाचे दात लहानपणापासून तपकिरी, आणि पन्नाशीच्या आत गुडघे असे आखडले की पंगतीला त्याला खुर्ची द्यावी लागते. मी या विषयाकडे वळले ती त्याच्यामुळे.

शेवंतीला दोन हात आहेत. म्हणजे नायट्रोजन आणि त्यांना चिकटलेले हायड्रोजन, पण सर सांगायचे तेव्हा हातच वाटायचे. वर्गात ते तर्जनी आणि मधलं बोट कात्रीसारखं उघडत, बेचक्यात खडूचा तुकडा धरत आणि म्हणत, "एवढीच जागा. क्लोराइड येतं, पण ते थोराड, बसत नाही. ब्रोमाइड त्याहून थोराड. फ्लुओराइड आलं की बरोब्बर बसतं. आणि एकदा बसलं की ते हावरट पोर तिचा हायड्रोजनच ओढून घेतं. मग हिचा रंग पालटतो." पिवळ्याची निळी होते, गर्द निळी. शेवंतीची गोकर्ण झाली, असं आम्ही म्हणायचो.

प्रयोगशाळेतून कुणी असा रंग पालटल्याचं सांगत आलं की सर मान वाकडी करून एकच शब्द विचारत, "कशावरून?" निळी झाली, कशावरून? फ्लुओराइडनंच झाली, कशावरून? या शब्दानं आम्ही सगळे रडकुंडीला आलेलो होतो.

झुबेरनं चिनीमातीच्या खळग्यांच्या ताटलीत शेवंतीचे थेंब घातले आणि ड्रॉपरनं त्यात बाटलीतला एक थेंब सोडला. आम्ही दोघं वाकून बघत राहिलो.

पिवळी. पिवळीच राहिली, जरा फिकट इतकंच.

"बघ," झुबेर म्हणाला. "हायड्रोक्लोरिक असेल साधं. तू धुतलंसही. चल आता, मला सरांकडच्या चकल्या दिसायला लागल्यात."

मला इतकं हलकं वाटलं की मी ताटलीला नमस्कार केला. झुबेरनं त्यावरूनही चिडवलं. बाटली आम्ही तशीच ट्रेमध्ये ठेवून हूडची काच खाली ओढली आणि दार लावून निघालो.

सरांचं घर विद्यापीठाच्या आवारातच, पायऱ्यांवर पणत्या, दारात रांगोळी. काकूंनी बशा भरूनच ठेवल्या होत्या. सर खुशीत होते. पुढच्या महिन्यात मोठी परिषद होती आणि त्यात ते शेवंतीबद्दल बोलणार होते.

"तुझ्या मामाच्या गावचं पाणी मागवून ठेव," ते मला म्हणाले. "तिथं सगळ्यांसमोर दाखवू. कोरड्या, बिनपाण्याच्या द्रावकात तर ती ओळखतेच. जरा पाणी चालवून घ्यायला शिकली की झालं."

मी हो म्हणाले आणि चकली मोडली. मोडताना तर्जनीच्या नखाखाली सुई टोचल्यासारखं झालं.

मी बोट पाहिलं. काही नव्हतं. चकलीचा काटा असेल म्हणून दुसऱ्या हातानं चोळलं, तर ती सुई आत सरकली. मग मधल्या बोटातही. सर काहीतरी सांगत होते, झुबेर हसत होता, आणि माझ्या बोटांच्या टोकाशी काहीतरी ठणकायला लागलं होतं, वरच्या कातडीत नाही, पार आत. दारात बोट चेमटल्यावर होतं तसं. फरक एवढाच, की दार सुटत नव्हतं, उलट आणखी घट्ट मिटत चाललं होतं.

बशी मी खाली ठेवली. शेजारच्या प्राध्यापकांचा चेहरा उगाचच डोळ्यांपुढे आला. चष्मा कपाळावर, खिशात नेहमी कसलेतरी खडे. ते खनिजांवर काम करायचे.

"सर," मी म्हणाले, "शेजारचे सर दगड विरघळवायचे ना?"

"हो. आयुष्यभर तेच केलं त्यांनी. का गं?"

"कशात विरघळवायचे?"

सरांचा चहाचा कप ओठाशी थांबला. झुबेरचं हसणंही थांबलं. दगड, काच, वाळू, या गोष्टी विरघळवणारं अ‍ॅसिड एकच, आणि ते काचेच्या बाटलीत ठेवता येत नाही, कारण ते बाटलीच खातं. हायड्रोफ्लुओरिक. पहिल्या वर्षाच्या पोरालाही ठाऊक असतं. कातडीवर सांडलं तर आधी काहीच वाटत नाही. ते गुपचूप आत उतरतं आणि आतलं कॅल्शियम शोधत जातं. रक्तातलं, मग हाडातलं. रक्तातलं कॅल्शियम फारच ओढलं गेलं तर हृदय बंद पडतं.

काय झालं ते मी सगळं सांगितलं.

सर उठून माझ्याजवळ आले, हात हातात घेतला, बोटं उलटसुलट करून पाहिली. "इथं तर काहीच दिसत नाही. फ्लुओराइड पाहिलंत का तुम्ही?"

"पाहिलं," झुबेर म्हणाला. "पिवळीच राहिली."

सरांच्या चेहऱ्यावरचा ताण एकदम उतरला. "पिवळी राहिली ना? मग नाहीये ते. शेवंती चुकणार नाही. बाटली उचलताना चिमटला असेल हात."

"थोडी हळद लावू का?" काकूंनी विचारलं.

मी सरांच्या तोंडाकडे बघत राहिले. मी वाट बघत होते. प्रत्येक आकड्याला, प्रत्येक रंगाला जो शब्द ते विचारत आले होते, तो आता येईल असं वाटत होतं. आला नाही.

आणि मग मला खरी भीती वाटली. अ‍ॅसिडाची वाटत होतीच, पण ही वेगळी. या घरात मला वाचवू शकेल असा एकच माणूस होता आणि तो निश्चिंत झाला होता.

"सर," मी म्हणाले, "आपण शेवंतीला कधी अ‍ॅसिडात विचारलंय?"

"म्हणजे?"

"ती फ्लुओराइड ओळखते ते कोरड्या द्रावकात. पाण्यात फ्लुओराइडला पाण्याचेच रेणू असा गराडा घालतात, जसा लग्नघरात नवऱ्यामुलाला पडतो. त्याच्यापर्यंत पोचायलाच मिळत नाही हिला. म्हणून तर आपण इतके दिवस अडलोय. आणि अ‍ॅसिडात तर त्याला त्याचा हायड्रोजन आधीच मिळालेला असतो. मग तो हिचा कशाला ओढेल? ती पिवळीच राहणार. फ्लुओराइड असलं तरी पिवळीच."

ठणका आता मनगटाकडे चढत होता. मी हात छातीशी धरला.

"एकच थेंब होता," शेवटी ते म्हणाले. "थोडं पाणी ती सोसते. आपण पाहिलंय. वैजयंती, तू घाबरलीयेस, आणि घाबरलं की..." त्यांनी वाक्य अर्धं सोडलं. त्यांच्या आवाजात राग नव्हता, दुखावलेपण होतं. मुलीबद्दल कुणी वाईट बोललं की बापाचा होतो तसा त्यांचा चेहरा झाला होता. "बस जरा. बर्फ देते काकू. अर्ध्या तासानं बघू."

अर्धा तास! माझ्या डोळ्यांत पाणी आलं. सरांचं मन मोडायचं मला जिवावर आलं होतं. मी त्यांचा शब्द कधी खाली पडू दिला नव्हता. पण त्याहून जास्त मला मरायची भीती वाटत होती.

"झुबेर, गाडी काढ," मी म्हणाले.

तो आधीच चपला घालत होता.

रस्ताभर फटाके वाजत होते. प्रत्येक माळ सुटली की माझं काळीज लक्कन हलायचं, आणि ते नेहमीसारखंच हलतंय का वेगळं, हे मी जीव कानात आणून ऐकत राहायची. उजवा हात मी वर धरला होता, तरी उपयोग नव्हता. हाडात कुणी गिरमिट फिरवावं तसं होत होतं.

"वैजू," झुबेर पुढून ओरडला, "मीच म्हणालो ना तुला, साधं अ‍ॅसिड—"

"गाडी चालव रे."

"झोपू नकोस. बोलत राहा."

"काय बोलू? मला भीती वाटतेय."

"तेच बोल. चालेल."

मग मी तेच बोलत राहिले. मला भीती वाटतेय, मला भीती वाटतेय, असं सरकारी दवाखान्याच्या फाटकापर्यंत.

कॅज्युअल्टीत पाय ठेवायला जागा नव्हती. फटाक्यांनी भाजलेली माणसं, पदरावर फुलबाजीची ठिणगी उडालेली बाई, भुईनळा हातात फुटलेला एक म्हातारा. ओरडणं, ओल्या कापडाचा वास, जळक्या केसांचा वास. आणि मी तिथं दोन धडधाकट बोटं वर धरून उभी.

ड्यूटीवरच्या डॉक्टर लोंढेबाई तिशीच्या असतील. डोळे तांबारलेले. त्यांनी माझं बोट एकदा पाहिलं.

"यात भाजलंय कुठे?"

"आतून भाजलंय."

"कशानं?"

"हायड्रोफ्लुओरिक अ‍ॅसिडनं."

त्यांचा हात थांबला. "नाव लिहिलं होतं बाटलीवर?"

"नाही."

"मग कशावरून?"

तो शब्द तिथं, त्या गोंधळात, एका परक्या बाईच्या तोंडून आला आणि मला रडूच फुटलं. त्यांना वाटलं दुखतंय म्हणून रडतेय. तेही होतंच.

"तपासलं का काही?" त्यांनी झुबेरला विचारलं.

झुबेर खोटं बोलू शकला असता. मी त्याच्याकडे बघितलं. त्याच्या कपाळावर घाम होता.

"तपासलं," तो म्हणाला. "फ्लुओराइड नाही असं आलं."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत थकवा होता आणि दया होती. या दोन्हींतून काही निघत नसतं. मागे कुणीतरी किंचाळलं तशी त्यांनी मान वळवली. त्या निघून गेल्या असत्या, तर एखादं मलम लिहून देऊन गेल्या असत्या, आणि सकाळपर्यंत माझी बोटं काळी पडली असती.

"थांबा," मी म्हणाले. "ती चाचणी ऐकू नका."

"का?"

"कारण ती मी बनवलीय."

त्या वळल्या.

"मी बनवलीय," मी पुन्हा म्हणाले, आणि दात कडाकडा वाजत होते तरी एकेक शब्द सुटा करून म्हणाले, "माझं सगळं काम तेच आहे. तिला काय दिसतं ते माझ्याइतकं कुणाला ठाऊक नाही. तिला हे दिसत नाही. पाण्यात दिसत नाही, अ‍ॅसिडात तर नाहीच नाही. ती नाही म्हणाली, पण त्या नाहीला अर्थ नाही. ते आहे. माझ्या हाडात आहे."

मी असं कुणासमोर कधी बोलले नव्हते. बोलताना जाणवत होतं की मी शेवंतीला माझ्याच हातानं खाली टाकतेय, परिषद, सरांचं भाषण, मामाच्या गावचं पाणी, सगळ्यासकट. पण बोटं माझी होती.

डॉक्टरांनी मोबाइलवर काहीतरी शोधलं, भराभर वाचलं. "कॅल्शियम ग्लुकोनेट," त्या पुटपुटल्या. "मलम आमच्याकडे नाही. या शहरात कुणाकडे असेल असं वाटत नाही." त्यांनी ओठ चावला. "लेबर रूममध्ये अँप्यूल्स असतात. बाळंतिणीला झटके आले की जे औषध देतो, त्याचा उतारा म्हणून ठेवतो आम्ही. सिस्टर! लेबर रूमला धावा. कॅल्शियम जितकं असेल तितकं आणा. आणि सोनोग्राफीची जेली."

"म्हणजे तुम्हाला पटलं?" झुबेरनं विचारलं.

"पटायचं काय त्यात? ते नसेल आणि मी कॅल्शियम लावलं तर काय बिघडेल? असेल आणि लावलं नाही, तर बोटं जातील." त्यांनी माझ्या छातीवर ईसीजीची वायर चिकटवायला सुरुवातसुद्धा केली होती.

सिस्टरनं अँप्यूल्स फोडून जेलीत मिसळल्या, तो लगदा एका ग्लोव्हमध्ये भरला आणि माझा हात त्यात घातला. गार, बुळबुळीत. मी थांबले. ठणका तसाच होता. थोडा वेळ गेला, तरी तसाच. ईसीजीचा कागद सरसरत बाहेर येत होता आणि मला तो वाचता येत नव्हता. डॉक्टरांचा चेहरा वाचायचा मी प्रयत्न करत होते, तोही वाचता येत नव्हता.

"आत पोचत नाहीये," त्या म्हणाल्या. "सुईनं द्यावं लागेल. बोटातच."

"आधी बधिर करा ना," झुबेर म्हणाला. त्याच्यानं बघवत नव्हतं.

"नाही करता येणार." डॉक्टर माझ्या समोर स्टूल ओढून बसल्या आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज मऊ झाला. "हे बघा, आत ते कुठवर गेलंय, हे मला बाहेरून दिसत नाही. ते सांगणारं यंत्र माझ्याकडे नाही. कॅल्शियमनं ते पकडलं की दुखणं थांबतं, आणि तेवढंच मला कळू शकतं. मी बधिर केलं तर मला कोण सांगणार? दुखतंय तोवर दुखतंय म्हणायचं. खरं सांगायचं. सुईच्या भीतीनं लवकर नाही म्हणायचं नाही. कळलं?"

मला कळलं. फार नीट कळलं. आता रंग पालटायचा तो माझा होता.

पहिली सुई गेली तेव्हा मी इतक्या मोठ्यानं ओरडले की भुईनळेवाला म्हातारा आपलं दुखणं विसरून माझ्याकडे बघायला लागला. "दुखतंय?" "दुखतंय!" सुई थोडी पुढे. "दुखतंय?" "दुखतंय." घाम गळत होता. मी झुबेरचं मनगट पकडलं होतं, तिथं दुसऱ्या दिवशी वण दिसत होते. मध्येच वाटलं, नाही म्हणून टाकावं. नाही म्हणालं की ही बाई सुई काढेल. तोंडापर्यंत आलेला तो शब्द मी गिळला. त्या दुपारी ऐकलेला एक नाही मला पुरेसा होता.

"दुखतंय?"

"दुखतंय."

"आता?"

मी बोलायला तोंड उघडलं आणि थांबले. दार सुटलं होतं. आतलं ते गिरमिट फिरायचं थांबलं होतं, आधी तर्जनीत, मग दुसऱ्या सुईनंतर मधल्या बोटात. सुईचं टोचणं तेवढं राहिलं, अगदी साधं, माणसाच्या ओळखीचं दुखणं.

"नाही," मी म्हणाले.

"खरं?"

"खरं."

डॉक्टरांनी स्टुलावरच डोळे मिटून घेतले. मग उठल्या आणि भाजलेल्या बाईकडे गेल्या.

मला कोपऱ्यातल्या खाटेवर ठेवलं, हात पुन्हा त्या जेलीच्या ग्लोव्हमध्ये, आणि ईसीजी चालूच. ठणका परत आला तर लगेच सांगायचं, असं बजावलेलं. तो परत येईल या धास्तीनं मी हलतही नव्हते. झुबेर चहा आणायला गेला होता.

तेवढ्यात टिपरे सर आले. घरातल्याच सदऱ्यात, पायात वेगवेगळ्या चपला. त्यांनी मला पाहिलं, खाटेजवळ आले आणि खिशातून रुमाल काढला. रुमालात सूक्ष्मदर्शकाखाली ठेवतात तसली काचेची पट्टी होती.

"तुम्ही गेलात आणि मी प्रयोगशाळेत गेलो," ते म्हणाले. "बाटलीतला एक थेंब हिच्यावर ठेवला. नंतर धुतली."

त्यांनी पट्टी दिव्यासमोर धरली. काच स्वच्छ, आरपार. फक्त मधोमध थेंबाएवढा एक दुधी डाग. मी डाव्या हाताचं बोट त्यावरून फिरवलं. खरखरीत लागलं. काच खाल्ली गेली होती.

काचेनं ओळखलं होतं. माझ्या हाडांनी ओळखलं होतं.

"आणि शेवंती?" मी विचारलं.

"पुन्हा विचारलं तिला." सरांनी पट्टी पुन्हा रुमालात गुंडाळली. "पिवळी."

ते खाटेच्या कडेवर बसले. परिषदेबद्दल, भाषणाबद्दल ते काही बोलले नाहीत, आणि पुढे त्यांनी ते भाषण दिलंही नाही. त्या वेळी ते नुसते जमिनीकडे बघत होते. माझ्याकडे बघायचं धाडस त्यांना होत नव्हतं, आणि सरांना कशाची भीती वाटू शकते हे मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहत होते.

मग त्यांनी विचारलं, "दुखतंय?"

"नाही सर. थांबलंय."

त्यांनी मान हलवली. हलवत राहिले. मग अगदी हळू, मला ऐकू येईल न येईल असं, ते म्हणाले, "कशावरून?"

मी ग्लोव्हमधून हात बाहेर काढला. जेली गळत होती, दोन्ही बोटं सुजून जाड झाली होती. मी ती कात्रीसारखी उघडली आणि बेचक्यात सरांचं बोट धरलं, जोर करून, जितकं घट्ट धरता येईल तितकं घट्ट.

सरांनी बोट सोडवून घेतलं नाही.